टॉमकॅटची हीप स्क्रिप्टने बदलली, आणि ८ जीबीच्या मशीनवर जावा न सांगता मरायला लागली

संत्रानगरी_सर्व्हर | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमधल्या एका लहान कंपनीत सर्व्हर सांभाळतो. आमचं अ‍ॅप्लिकेशन विदर्भातल्या काही जिनिंगवाल्यांकडे चालतं. कापसाची गाडी काट्यावर आली की आधी भरल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, भाव, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात काटापट्टी. पट्टी निघाल्याशिवाय गाडी हलत नाही.

एकूण पाच मशीन आहेत. दोन ८ जीबी रॅमच्या, दोन १६ च्या, एक ३२ ची. सगळीकडे उबुंटू (लिनक्स), जावा ८ आणि त्यावर आमचं काम चालवणारा सर्व्हर टॉमकॅट ९. हंगाम सुरू व्हायच्या आधी हीप, म्हणजे जावाची कामाची मेमरी, वाढवून ठेवावी म्हणून मी एक शेल स्क्रिप्ट लिहिली. ती माझ्या लॅपटॉपवरून एसएसएचने पाचही मशीनवर जाते, टॉमकॅटच्या सेटिंगच्या सेटएन्व्ह फाइलच्या शेवटी एक ओळ जोडते (एक्सएमएस, म्हणजे सुरुवातीची हीप, ५१२ एमबी; एक्सएमएक्स, म्हणजे कमाल हीप, १२ जीबी) आणि टॉमकॅट रिस्टार्ट करते. १२ हा आकडा घेतला कारण १६ जीबीवाल्या मशीनवर तो वर्षभर व्यवस्थित चालला होता.

आज दुपारी १२.५० ला ८ जीबीच्या एका मशीनवर टॉमकॅट गायब. प्रोसेसच नाही. कॅटलिना लॉग, म्हणजे टॉमकॅटचा लॉग, एका ओळीच्या मध्येच तुटलेला. आउटऑफमेमरीएरर नाही, हीप डंप (मेमरीची फाइलमध्ये काढलेली प्रत) नाही, आणि डंपचा फ्लॅग तर मी स्वतः लावलेला आहे. पुन्हा चालू केलं, ४० मिनिटांनी पुन्हा तेच. हिंगणघाटकडच्या केंद्रावरचा ऑपरेटर हाताने पट्ट्या लिहीत होता. त्याच्याशी फोनवर बोलताना मागे ट्रॅक्टरांचे हॉर्न ऐकू येत होते. लोक सकाळपासून रांगेत होते, आणि मला कारण सांगता येत नव्हतं.

मेमरी वाढवल्यावरच हे सुरू झालं. कुठून शोधू?

---

वर्धेकर | सोमवार, रात्री ९.५८

भाऊ, आधी कर्नलचा लॉग बघा. डीमेसग चालवा, वेळ दिसावी म्हणून टी पर्याय लावा, आणि त्यात "किल्ड प्रोसेस" शोधा. मी पैज लावून सांगतो, तुमची जावा स्वतःहून मेलेली नाही. लिनक्सने मारली आहे.

---

संत्रानगरी_सर्व्हर | सोमवार, रात्री १०.०६

सापडलं, दोन वेळा आहे. दुपारी १२.५० ची ओळ: आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, नाव जावा, अ‍ॅनॉन-आरएसएस (प्रत्यक्ष धरलेली रॅम) साधारण ५.४ जीबी. दुसरी १.३१ ची.

पण जावाला तर १२ जीबीची परवानगी दिली होती. ५.४ वरच का मारली? आणि मशीनमध्ये १२ जीबी नाहीतच, तर सुरू होतानाच नाही का म्हणाली नाही?

---

रातराणी | सोमवार, रात्री १०.३४

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक्सएमएक्स म्हणजे जावाने स्वतःवर घालून घेतलेली वरची मर्यादा. सुरू होताना जावा तेवढा पत्त्यांचा पट्टा फक्त राखून ठेवते. प्रत्यक्ष रॅम तेव्हा लागत नाही, म्हणून ८ जीबीच्या मशीनवर १२ जीबी मागितले तरी लिनक्स हरकत घेत नाही. रॅमची खरी पानं लागतात ती ऑब्जेक्ट तयार होत जातात तशी. तुमचा एक्सएमएस ५१२ एमबी, म्हणजे सकाळी सगळं शांत. दुपारी गाड्या वाढल्या, हीप फुगत गेली. जावाच्या हिशेबाने अजून १२ पर्यंत जागा होती, त्यामुळे तिला नेटाने सफाई करायची गरजच वाटली नाही. मशीनची रॅम मात्र संपली. मग कर्नलचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा भाग) उठतो आणि साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्या प्रोसेसला सिग्नल ९ देतो. तो सिग्नल पकडता येत नाही, त्यामुळे जावाला ना लॉग लिहिता येतो ना डंप काढता येतो. तुमचा लॉग मध्येच तुटला तो यामुळेच.

आउटऑफमेमरीएरर जावा स्वतः देते, तिची स्वतःची मर्यादा भरली की. "किल्ड प्रोसेस" कर्नल देतो, मशीन भरलं की. पहिल्यात हीप कमी पडलेली असू शकते. दुसऱ्यात हीपचा आकडा मशीनच्या मानाने फार मोठा आहे. तुम्ही दुसऱ्याचा अनुभव घेताय आणि इलाज पहिल्याचा केलाय.

५.४ वर का मारली, याचा अर्थ उरलेले दोनेक जीबी दुसरं कोणीतरी घेऊन बसलंय. त्याच मशीनवर डेटाबेस आहे का?

---

संत्रानगरी_सर्व्हर | सोमवार, रात्री १०.४१

हो ताई. त्या एकाच मशीनवर पोस्टग्रेसही आहे. शेअर्ड बफर्स (त्याने स्वतःसाठी धरलेली मेमरी) २ जीबी. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

---

हिंगणा_रोड | सोमवार, रात्री ११.१५

मी थोडं वेगळं म्हणतो. हीपचे आकडे खालीवर करण्याआधी अ‍ॅप्लिकेशनला मुळात किती लागते ते मोजा. आमच्याकडे दर वर्षी कोणीतरी हीप दुप्पट करून राहिलं होतं, शेवटी कळलं की लीक आहे, म्हणजे काम संपलं तरी मेमरी सुटत नाही. लीक असेल तर हीप वाढवून फक्त मरणाची वेळ पुढे जाते.

जेस्टॅट जीसीयूटिल दर ५ सेकंदांनी चालवा आणि ओ हा कॉलम बघा, म्हणजे ओल्ड जनरेशन (हीपमधला जुन्या, टिकलेल्या ऑब्जेक्टचा भाग) किती टक्के भरली आहे. फुल जीसी (हीपची पूर्ण सफाई) झाल्यावर तो किती खाली येतो हे महत्त्वाचं. रोज त्याच वेळी थोडा थोडा वरच राहत गेला तर लीक. पुन्हा त्याच तळाला गेला तर लीक नाही, फक्त एखादं काम एकदम भरपूर मेमरी मागतंय.

---

सेवानिवृत्त_अ‍ॅडमिन | सोमवार, रात्री ११.५०

मंडळी, मी आता घरी असतो, धरमपेठेत. पण नोकरीत असताना स्क्रिप्टने हीप बदलण्याचा एक प्रसंग असा आला की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा एका मोठ्या कार्यालयात वेबस्फिअर नेटवर्क डिप्लॉयमेंट होतं, टॉमकॅटसारखाच जावा सर्व्हर पण अनेक मशीनवर पसरलेला. कार्यालयाचं नाव महत्त्वाचं नाही.

वेबस्फिअरमध्ये डब्ल्यूएसअ‍ॅडमिन नावाचं साधन असतं, त्यात जायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहायची. अ‍ॅडमिनकॉन्फिगच्या लिस्टला जावाव्हर्चुअलमशीन हा प्रकार दिला की सगळ्या जेव्हीएमची, म्हणजे जावाच्या प्रोसेसची, यादी मिळते. आमच्या एका सहकाऱ्याने ती यादी घेतली, त्यावर लूप फिरवला, प्रत्येकाचा मॅक्झिममहीपसाइज ४०९६ केला, सेव्ह केलं, नोड सिंक केले आणि रात्री सगळं रिस्टार्ट केलं.

त्या यादीत फक्त अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर नसतात. सगळ्यांचा कारभार बघणारा डिप्लॉयमेंट मॅनेजर असतो, प्रत्येक नोडचा (मशीनचा) नोड एजंट असतो. त्या सगळ्यांना चार चार जीबीची मुभा मिळाली. लगेच काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मशीन स्वॅपमध्ये गेली (रॅमऐवजी डिस्क वापरायला लागली) आणि प्रत्येक पान उघडायला मिनिट लागायला लागलं. कारण शोधायला आमचे दोन दिवस गेले, कारण सगळे जण अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरकडेच बघत होते.

त्यानंतर मी नियम केला: यादी आली की आधी छापायची. कोणाकोणाला हात लागणार आहे ते डोळ्यांनी वाचायचं, नावाने गाळायचं, जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी शेजारी दाखवायचा, आणि माणसाने "हो" म्हटल्यावरच बदल करायचा.

वेबस्फिअरवर अजून कोणी असेल तर आणखी तीन गोष्टी. लिस्ट जे परत देते ती यादी नसते, एक लांब स्ट्रिंग असते, ओळींवर तोडून घ्यावी लागते. शेवटी अ‍ॅडमिनकॉन्फिग सेव्ह म्हटलं नाही तर बाहेर पडताना सगळं पुसलं जातं. आणि जेनेरिक जेव्हीएम आर्ग्युमेंट्स (जावाला द्यायचे जास्तीचे पर्याय) स्क्रिप्टने बदलले की आधीची सगळी स्ट्रिंग जाते, तिच्यात भर पडत नाही. आधी वाचा, त्यात जोडा, मग लिहा.

संत्रानगरी, तुमचं टॉमकॅट आहे, पण दुखणं तेच आहे. एक आकडा, सगळ्यांना सारखा.

---

रातराणी | मंगळवार, सकाळी ८.२०

काकांचं पटलं. मी रात्री विचार केला तो असा. आकडा स्क्रिप्टमध्ये लिहूच नये. प्रत्येक मशीनवर तिथल्या तिथे काढावा.

प्रोक खालच्या मेमइन्फो फाइलमध्ये पहिलीच ओळ मेमटोटल असते. आकडा केबीमध्ये असतो, ऑक या कमांडने दुसरा रकाना घ्या, १०२४ ने भागा, एमबी मिळाले. ८ जीबीच्या मशीनवर पूर्ण ८१९२ कधी येत नाहीत, कर्नल स्वतःसाठी काही ठेवतो. तुमचे ७८८० आले असं धरते.

आता वजाबाकी. ऑपरेटिंग सिस्टिम, एसएसएच, लॉग, मॉनिटरिंग यांना १०२४. पोस्टग्रेस असलेल्या मशीनवर २५६० (२ जीबी शेअर्ड बफर्स आणि कनेक्शनांसाठी थोडे). आणि तिसरी वजाबाकी लोक विसरतात: जावाची हीपबाहेरची मेमरी. मेटास्पेस (क्लासची माहिती) आहे, कोड कॅश (तयार झालेला मशीन कोड) आहे जी जावा ८ मध्ये २४० एमबीपर्यंत जाऊ शकते, प्रत्येक थ्रेडचा स्टॅक आहे. ६४ बिट लिनक्सवर स्टॅकची मर्यादा थ्रेडमागे १ एमबी, आणि टॉमकॅटचे कमाल थ्रेड मुळात २०० असतात. शिवाय डायरेक्ट बफर. यांना मी १०२४ देते.

७८८० वजा १०२४ वजा २५६० वजा १०२४, उरले ३२७२. २५६ च्या पटीत खाली आणा, ३०७२. म्हणजे ३ जीबी. तुम्ही तिथे १२ लावले होते.

पोस्टग्रेससारख्या शेजाऱ्यांसाठी किती सोडायचं हे स्क्रिप्टला कळणार नाही. त्यासाठी प्रत्येक मशीनवर एक छोटी फाइल ठेवा, नाव "राखीव", आत एकच आकडा. फाइल नसेल तर स्क्रिप्टने थांबावं, शून्य धरू नये.

आणि वरून एक झाकण लावा, समजा ८१९२. ३२ जीबीच्या मशीनवर जागा आहे म्हणून २८ जीबी देऊ नका. जावा ८ मध्ये सर्व्हरवर मुळात पॅरलल कलेक्टर (हीप साफ करणारा) चालतो, आणि त्याच्या फुल जीसीमध्ये सगळे थ्रेड थांबतात. हीप जितकी भरलेली, तितकी काट्यावरच्या माणसाला वाट बघावी लागते.

---

खापरी_जंक्शन | मंगळवार, सकाळी ९.०५

रातराणीताई, एवढं गणित करण्यापेक्षा मॅक्सरॅमपर्सेंटेज (हीप रॅमच्या टक्क्यात सांगायचा पर्याय) का नको? जावा ८ च्या १९१ व्या अपडेटपासून आहे, जावा १० मध्येही आहे. ५०.० असं दशांशासकट लिहायचं, काही आवृत्त्या नुसते ५० घेत नाहीत. काहीच दिलं नाही तर जावा रॅमचा पाव भाग घेते, त्यापेक्षा हे बरं. आम्ही डॉकरच्या कंटेनरमध्ये हेच वापरून राहिलो.

---

रातराणी | मंगळवार, सकाळी ९.२२

कंटेनरमध्ये मीही तेच वापरते, तिथे शेजारी नसतो. इथे दोन मशीनची रॅम सारखी आहे आणि एकावरच पोस्टग्रेस आहे. टक्का दोघांना सारखाच लागेल. शिवाय कुठे जुना एक्सएमएक्स राहून गेला तर टक्क्याकडे जावा बघतच नाही, आणि यांच्या फाइलमध्ये तो नक्की राहून गेलेला असणार.

संत्रानगरी, तुमची स्क्रिप्ट फाइलच्या शेवटी ओळ जोडते म्हणालात. किती वेळा चालवली?

---

संत्रानगरी_सर्व्हर | मंगळवार, सकाळी १०.१०

आत्ता उघडून बघितलं. एका फाइलमध्ये एक्सएमएक्स चार वेळा आहे. ६, ८, १२, १२. शेवटचा लागू होतो म्हणून आजवर लक्षात आलं नाही.

आणि मी सगळं जावा-ऑप्ट्स या व्हेरिएबलमध्ये लिहिलंय. टॉमकॅट थांबवताना "पोर्ट आधीच वापरात" अशी एरर यायची, मग मी सरळ किल करायचो. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

---

वर्धेकर | मंगळवार, सकाळी १०.२५

आहे ना भाऊ! टॉमकॅट थांबवायची कमांडसुद्धा एक वेगळी जावा सुरू करते. जावा-ऑप्ट्स तिलाही लागतात. तुम्ही त्यात जेएमएक्सचं (देखरेखीचं) पोर्ट दिलं असणार, ते चालू टॉमकॅटने आधीच धरलेलं असतं. हीप, जेएमएक्स, जीसी लॉग, हे सगळं कॅटलिना-ऑप्ट्समध्ये टाका. ते फक्त सुरू करताना लागतं, थांबवताना नाही.

आणि फाइलला जोडू नका, दर वेळी पूर्ण नवीन लिहा. आधी तात्पुरत्या नावाने लिहायची, बॅश एन लावून व्याकरण तपासायचं, जुनीची तारखेसकट प्रत ठेवायची, मग एका एमव्ही कमांडने जागेवर आणायची. दहा वेळा चालवली तरी फाइल तीच निघाली पाहिजे.

---

संत्रानगरी_सर्व्हर | बुधवार, रात्री ११.३०

काट्याचं काम बंद झाल्यावर बसलो. नवीन स्क्रिप्ट लिहिली, काकांच्या सांगण्यावरून आधी नुसते आकडे छापायला लावले. आणि बरं झालं तसं केलं. पाचही मशीनसमोर रॅम सारखीच आली: १५ हजार ८०० च्या आसपास. ८ जीबीवाल्यांपुढेसुद्धा. झाकण ८१९२ चं, म्हणजे ७.७ जीबीच्या मशीनला मी ८ जीबीची हीप देणार होतो.

पाऊण तास गेला, सापडत नाही. मशीनवर स्वतः लॉगिन करून तीच ऑकची ओळ चालवली तर बरोबर ७८८० येतात.

---

रातराणी | बुधवार, रात्री ११.४४

तुमच्या लॅपटॉपची रॅम १६ जीबी आहे का?

---

संत्रानगरी_सर्व्हर | बुधवार, रात्री ११.४६

हो.

---

रातराणी | बुधवार, रात्री ११.५५

मग एसएसएचला दिलेली कमांड तुम्ही दुहेरी अवतरणात लिहिली आहे. दुहेरी अवतरणात डॉलरचं चिन्ह तुमच्या लॅपटॉपवरच उलगडतं. मेमटोटल वाचणारा भाग एसएसएच निघायच्या आधीच तुमच्याकडे चालला, आणि तयार आकडा पाचही मशीनवर गेला. एकेरी अवतरण वापरा. त्याहून चांगलं म्हणजे स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि एसएसएचच्या पलीकडच्या बॅशला स्टँडर्ड इनपुटने द्या. मग सगळं तिकडेच उलगडेल.

---

संत्रानगरी_सर्व्हर | गुरुवार, रात्री १२.२०

झालं. ७८८०, ७८८०, मग १६ वाले, मग ३२ वालं. आकडे वाचले, "हो" टाइप केलं. एकेक मशीन करतोय. एकाचं टॉमकॅट उठून लॉगिनचं पान २०० (सगळं ठीक) देईपर्यंत स्क्रिप्ट पुढच्याकडे जात नाही.

चार मशीन बरोबर. पोस्टग्रेसवाल्यावर मात्र जावा अजून १२ जीबीनेच उठली. फाइल नवीन आहे, मी कॅट कमांडने बघितली.

---

वर्धेकर | गुरुवार, रात्री १२.३१

त्या मशीनवर कॅटलिना बेस (या सर्व्हरच्या स्वतःच्या फाइलींचा फोल्डर) आणि कॅटलिना होम (टॉमकॅट बसवलेला फोल्डर) वेगळे आहेत का बघा. टॉमकॅट आधी बेसच्या बिनमध्ये सेटएन्व्ह शोधतो. तिथे मिळाली तर होममधली उघडूनही बघत नाही. तुम्ही होममध्ये लिहिली असेल.

---

संत्रानगरी_सर्व्हर | गुरुवार, रात्री १२.५०

अगदी तसंच होतं. बेसमध्ये जुनी फाइल पडून होती. स्क्रिप्ट आता चालू प्रोसेसच्या कमांड लाइनमधून बेसचा पत्ता काढते आणि तिथेच लिहिते.

तपासण्यासाठी जेसीएमडीने चालत्या जावाचे पर्याय (व्हीएम फ्लॅग्ज) मागितले. आधी एरर आली, मी माझ्या लॉगिनने चालवत होतो. टॉमकॅट ज्या युजरने चालतो त्याच्या नावाने सुडो केलं तेव्हा आलं. मॅक्सहीपसाइज ३२२१२२५४७२. कॅल्क्युलेटरवर तीन वेळा १०२४ ने भागलं. ३.

---

सेवानिवृत्त_अ‍ॅडमिन | गुरुवार, सकाळी ६.१५

शाबास. ती शेवटची तपासणी स्क्रिप्टमध्येच घाला. फाइलमध्ये काय लिहिलं आहे ते सोडून द्या, चालत्या प्रोसेसला विचारा. लिहिलेला आकडा आणि प्रोसेसचा आकडा जुळला नाही तर स्क्रिप्टने तिथेच थांबून ओरडलं पाहिजे.

---

हिंगणा_रोड | शुक्रवार, दुपारी २.४०

३ जीबीत दुपारची गर्दी झेपली का? जेस्टॅट काय म्हणते?

---

संत्रानगरी_सर्व्हर | शुक्रवार, रात्री ८.१५

दोन दिवस पूर्ण बघितलं. फुल जीसीनंतर ओल्ड जनरेशन दर वेळी २० टक्क्यांच्या आसपास उतरते, कालही आणि आजही. म्हणजे लीक नाही, हिंगणा भाऊ.

पण आज ४.२० ला ती ९४ वर गेली आणि मग खाली आली. त्याच वेळी एका जिनिंगच्या मुनीमजींनी पूर्ण हंगामाचा शेतकरीनिहाय अहवाल काढला होता. सोमवारी दुपारीही तो अहवाल दोनदा निघाला होता, अ‍ॅक्सेस लॉगमध्ये दिसतोय. १२.४६ आणि १.२७.

---

हिंगणा_रोड | शुक्रवार, रात्री ८.४०

मग खरा खादाड सापडला. डेव्हलपरना विचारा, तो अहवाल सगळ्या ओळी एकदम आणतो का. पोस्टग्रेसचा जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा) मुळात पूर्ण निकाल मेमरीत ओढतो. फेच साइज (एका वेळी किती ओळी आणायच्या) दिला तरी ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी लगेच कायम करणं) चालू असेल तर त्याचा उपयोग होत नाही. ऑटोकमिट बंद, फेच साइज ५००, आणि ओळ आली की लगेच फाइलमध्ये लिहायची. मग अहवाल कितीही मोठा असो, हीपला जाणवणार नाही.

एक विनंती. हीप डंपचा फ्लॅग चालू आहे म्हणालात, तो राहू द्या. पण डंप निघाला तर तो कोणाला मेलने किंवा पेनड्राइव्हवर देऊ नका. त्यात त्या क्षणी मेमरीत असलेलं सगळं असतं. तुमच्या बाबतीत शेतकऱ्यांची नावं, बँक खाती, आधार क्रमांक. डंपची जागा वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि वाचायची परवानगी फक्त दोघातिघांना.

---

संत्रानगरी_सर्व्हर | शुक्रवार, रात्री ९.०५

डंप सगळ्यांना वाचता येत होते. आत्ताच बंद केलं. अहवालाचं काम सोमवारी डेव्हलपर घेतायत. तोवर तो अहवाल रात्री ९ नंतरच काढा असं मुनीमजींना सांगितलं, त्यांनी मान्य केलं.

शेवटचा प्रश्न. "राखीव" फाइल मशीनवरच ठेवू की गिटमध्ये (बदलांची नोंद राहते तिथे)?

---

रातराणी | शुक्रवार, रात्री ९.१८

गिटमध्ये, मशीनच्या नावाने, आणि बाजूला एका ओळीत कारण: "इथे पोस्टग्रेस, शेअर्ड बफर्स २ जीबी". उद्या कोणी पोस्टग्रेस दुसऱ्या मशीनवर हलवला तर आकडा कशासाठी होता ते त्याला कळायला हवं.

---

संत्रानगरी_सर्व्हर | शुक्रवार, रात्री ९.३२

टाकली. हिंगणघाटच्या ऑपरेटरला आत्ता फोन केला होता. आजच्या सगळ्या पट्ट्या मशीनवरूनच निघाल्या. सोमवारच्या हाताने लिहिलेल्या ६३ पट्ट्या तो उद्या सकाळी काटा सुरू व्हायच्या आधी भरणार आहे, मीही त्या वेळी ऑनलाइन राहतो.